आवडाकाकूची अर्धी गोष्ट

फार वर्षांपूर्वी, बोरघळला एसटीसुद्धा येत नव्हती, तेव्हाची गोष्ट. टपाल डोंगर उतरून पायी यायचं. त्या टपालातून महिन्याला एकदा मुलांचं मासिक यायचं आणि ते यायचं आवडाकाकूच्या नावानं.

काकू चिंचेखालच्या धोंड्यावर बसून ते पोरांना वाचून दाखवायची. काय वाचायची! तिनं पावसाची गोष्ट वाचली, की बायका वाळत घातलेले पापड घरात न्यायच्या. गोष्टीत वाघ आला, की गोठ्यातल्या शेळ्या दावं तोडायच्या, असं म्हणतात. पोरं तर तहानभूक विसरायची. त्या कौतुकाची काकूला चटक लागली, खोटं कशाला बोलायचं! कुणी मासिकाला हात लावला, की ती खेकसायची, "फाडशील मेल्या! मी हाय न्हवं वाचायला?" पोरं शाळेत अक्षरं शिकली होती, पण आयतं कानात पडत असताना डोळे कोण शिणवतो?

एकदा गोष्ट ऐन रंगात आली. किल्ल्याच्या तळघरात एक मुलगी कोंडली गेली, आणि उरलेली गोष्ट पुढच्या अंकात. नेमकी तेव्हाच काकू भाचीच्या लग्नाला माहेरी गेली आणि तापानं तिथंच अडकली. ती परतली तेव्हा नवा अंक येऊन बरेच दिवस झाले होते.

पोरं धोंड्याभोवती बसली होती. मधोमध अंक. त्याची टपालाची गुंडाळीसुद्धा कुणी फोडली नव्हती. वर हळदकुंकू वाहिलं होतं आणि झेंडूचं ताजं फूल.

"आमी कुनी हात न्हाई लावला, काकू," धाकटी तानी मोठ्या अभिमानानं म्हणाली. "तू येस्तोवर तसाच राखला."

"अगं, तुला अक्षरं येत्यात की!"

"अक्षरं येत्यात. पर गोष्ट तुलाच येती."

काकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाबासकीसाठी वर झालेली ती तोंडं तिला बघवेनात. इतकी वर्षं आपण पोरांना घास भरवत बसलो, तोही आपल्याच कौतुकासाठी, हे तिला कळलं.

तिनं गुंडाळी फोडली आणि वाचायला घेतलं. मुलीनं अंधारात चाचपडत हात पुढे केला, बोटांना काहीतरी गार लागलं, ती होती... आणि तिथंच काकूचा आवाज गेला. धोंड्यानं गिळला, असं म्हणतात. कुणी म्हणतं, तिनंच गिळला. अंक धोंड्यावर ठेवून तिनं पोरांकडे पाठ केली, कारण त्यांना तोंड दाखवायची तिची छाती होईना.

पोरं रडली, पाया पडली, रागावली. काकू हलली नाही. अखेर दिवेलागणीला तानीनं अंक जवळ ओढला.

"क... डी. कडी! दाराची कडी व्हती!"

मग अडखळत, चुकत ती पुढे निघाली. तिच्या वाचण्यात तळघराचं दार उघडलं, तेव्हा बोरघळमधली एकूण एक दारं आपोआप उघडली, असं म्हणतात. काकूनं मात्र वळून पाहिलं नाही. ती पदरात तोंड खुपसून रडत होती. पुढे जन्मभर पोरं वाचायची आणि ती ऐकायची. कुणी चुकलं तरी मान हलवायची नाही.

बोरघळला अजूनही नवा अंक आला, की गावातलं सगळ्यात वडीलधारं माणूस त्या धोंड्यावर बसून वाचतं. वाक्याच्या मध्येच थांबतं, अंक खाली ठेवतं आणि पाठ करून बसतं. पोरांनी कितीही विनवलं तरी वळायचं नाही. मागे पान उलटल्याचा आवाज आला, की मगच उठायचं.