ब्लॉकला वरची जागा हवी होती

विटा बोलत होत्या आणि गवंडी त्यांचं ऐकतही होते, त्या जुन्या काळातली ही गोष्ट.

यल्लाप्पा गवंडी भागाबाईंच्या रेशीमकिड्यांसाठी खोली बांधत होता. किड्यांना गारवा हवा म्हणून भिंतीला मातीच्या कच्च्या विटा, आणि ओल चढू नये म्हणून तळाला सिमेंटचे ब्लॉक, असा त्याचा बेत होता.

"मी तळाशी? चिखलात?" ब्लॉक फुरंगटला. "बाजारात माझा भाव विचारा आधी! वर मीच बसणार."

"बस की बाबा," वीट हसली.

हट्टाला पेटलेल्या गिऱ्हाईकाशी शहाणा दुकानदार वाद घालत नाही. यल्लाप्पानंही "बरं" म्हटलं आणि नमुन्याला एकच कोपरा तसा बांधला.

सकाळी त्यानं रिवाजाप्रमाणे ब्लॉकच्या सांध्यांवर पाणी मारलं. ते ओघळून खालच्या विटेवर आलं. विटेच्या कडा विरघळू लागल्या आणि ब्लॉक डुगडुगला.

"अगं, नीट उभी राहा! मी पडतोय!"

"उभीच आहे रे. तुझं पाणी मला खातंय."

"पाणी बंद केलं तर माझे सांधे सुटतील!"

"मग पाणी हवं की वरची जागा, ते तूच ठरव."

विटेचा आणखी एक टवका पडला. "यल्लाप्पा," ब्लॉक घाईनं म्हणाला, "मला खाली घ्या हो!"

भागाबाईंची खोली आजही गार आहे. तळाशी ओल अडवून बसलेला ब्लॉक येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐटीत सांगतो, "जरा वर बघा, आमची वीट कशी कोरडी ठणठणीत आहे!"