तेरावा भोपळा

माळगडच्या वीरभान राजाने परदेशी व्यापाऱ्याकडून एक दुर्बीण घेतली आणि राज्यातल्या नकाशेकारांचे दिवस भरले. राजाने हुकूमच काढला. रानाचा नकाशा करायचा, पण गडाच्या बुरुजावर उभं राहून, दुर्बिणीतून बघून. कोणी खाली उतरायचं नाही, कशालाही हात लावून बघायचं नाही. चूक एकही चालणार नाही. आणि नकाशात जे असेल त्याप्रमाणेच राज्याचा कारभार चालेल, मग काही होवो.

पहिल्या नकाशेकाराने नदीकाठी अकरा काळे खडक दाखवले. धारेची वेळ झाली तसे ते खडक उठले आणि रेकत रेकत घरी गेले. दुसऱ्याने एका वठलेल्या झाडावर पांढरी फुलं काढली. राजा दुर्बिणीला डोळा लावतोय तोच सगळी फुलं पंख पसरून उडाली. राजाने दोघांनाही हत्तीचे कान धुवायला लावलं, एकेकाला एक कान, जन्मभरासाठी.

मग पाळी आली सगुणाची. मध काढणाऱ्याची ही पोर नकाशेकारांना रंग खलून द्यायची. सागाचा हिरवा, बांबूचा हिरवा, गवताचा हिरवा असे तिच्याकडे नऊ हिरवे होते आणि एकाचं बोट ती दुसऱ्यात बुडू द्यायची नाही. तिने बुरुजावर बसून तीन दिवसांत रानाचा नकाशा पुरा केला. सगळा रंगवला, फक्त मधे एक गोल पांढराच ठेवला.

"हे काय राहिलं?" राजाने विचारलं.

"तिथं काय आहे ते इथून कळत नाही, महाराज. कुरण असेल, नाहीतर शेवाळ धरलेलं तळं असेल. लांबून दोन्ही सारखंच दिसतं. जवळ जाऊन काठीनं टोचून बघायला हवं."

"मला तर चक्क कुरण दिसतंय. परवा माझा वाढदिवस. पाचशे पानांची पंगत मी तिथंच बसवणार."

"महाराज, पंगत बुडेल."

"उद्या दुपारपर्यंत तिथं गवताचा हिरवा भर, नाहीतर हत्तीकडे जा," राजा म्हणाला आणि जेवायला गेला.

सगुणाने हिशेब केला. हत्तीला कान दोनच, आणि ते आधीच वाटून झालेले. तिच्या वाट्याला येणार होती सोंड, आणि हत्तीला आठवडाभर सर्दी होती. बरं, मुकाट्याने रंग भरावा तर पाचशे माणसं जिलबीसकट चिखलात जाणार. रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी ती राजापुढे हात जोडून उभी राहिली. "महाराज, रंग भरते. पण त्याआधी दुर्बिणीची एक परीक्षा होऊ द्या. बुरुजाखालच्या मळ्यात भोपळे आहेत. मी इथून त्यांचा नकाशा काढते आणि मुदपाकखान्यानं त्याबरहुकूम भोपळे तोडावेत. मला खालून कोणी खाणाखुणा करू नयेत म्हणून आपण स्वतः मळ्यात राखणीला बसावं."

राजाचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता, त्यामुळे ही कल्पना त्याला फार आवडली. दोनशे बारा पायऱ्या उतरून तो मळ्यात गेला आणि दमून वेलांतच फतकल मारून बसला. अंगात हिरवागार अंगरखा, डोक्यावर नारिंगी रंगाचं भलंमोठं पागोटं.

सगुणाने नकाशा काढला. प्रधान त्र्यंबकपंतांनी तो वाचून शिक्का मारला आणि खाली धाडला. थोड्याच वेळात आचारी सखाप्पा कोयता घेऊन मळ्यात आला. त्याने बारा भोपळे तोडले, नकाशा उलटासुलटा करून पाहिला आणि राजासमोर येऊन उभा राहिला.

"महाराज, जरा मान वाकडी करता का? देठ दिसत नाही."

"कसलं देठ?"

"नकाशात तेरा भोपळे आहेत. तेरावा इथंच दाखवलाय, खाली शिक्काही आहे. मी गरीब माणूस, हुकमाबाहेर कसा जाऊ?"

राजा ताडकन उठला आणि बुरुजाकडे तोंड करून ओरडला, "सगुणे, अगं हा मी आहे, राजा!"

सगुणाने दुर्बिणीला डोळा लावला. "असाल, महाराज. पण इथून पिकलेला भोपळाच दिसतोय. मघाशी बसका होता, आता जरा लांबट झालाय."

"मग दुरुस्त कर ना नकाशा!"

"करते की. पण भोपळा आहे का राजा, हे खाली येऊन, हात लावून बघावं लागेल. आणि खाली उतरायला तर आपलीच बंदी आहे. आता आपणच सांगा, हुकूम मोडू, का सखाप्पांना त्यांचं काम करू देऊ?"

सखाप्पाने अदबीने कोयता दुसऱ्या हातात घेतला.

"मोड! मोड तो हुकूम आणि ये खाली!"

सगुणा एकेक पायरी मोजत सावकाश उतरली. राजाभोवती एक फेरी मारली, पागोट्यावर बोटाने टकटक करून पाहिलं आणि त्र्यंबकपंतांना हाक मारून म्हणाली, "पंत, लिहून घ्या. जवळून पाहिलं. राजाच आहेत."

राजाने रागावायचा मनापासून प्रयत्न केला, पण मिशा थरथरायला लागल्या. त्याने सखाप्पाकडून एक लांब बांबू मागवला, सगुणाला घेऊन तडक त्या हिरव्या कुरणापाशी गेला आणि काठावरून बांबू खुपसला. बांबू सरसर आत गेला, राजाच्या मुठीपर्यंत. शेवाळातून एक जाडजूड बेडूक उडी मारून त्याच्या पागोट्यावर बसला. त्या जागी पाचशे पाहुणे पानापुढे बसलेले राजाच्या डोळ्यांसमोर आले, आणि तो पोट धरून इतका हसला की बेडूकही घसरून खाली पडला.

"आजपासून तू राज्याची मुख्य नकाशेकार," तो डोळे पुसत म्हणाला. "बुरुजावर स्वतंत्र दालन, चार मदतनीस, पालखी. आणखी काय हवं ते माग."

"पालखी राहू द्या, महाराज," सगुणा म्हणाली. "वहाणांचे दोन जोड द्या. रान मोठं आहे."