हत्तीचे चार तुकडे

एक जंगल होतं. ते इतकं सुधारलेलं होतं की तिथं वाघसुद्धा तिकीट काढून बसायचे. रूळ होते, डबे होते, फक्त इंजिन नव्हतं. इंजिनाच्या जागी गाढवं होती.

रूळ, डबे, स्टेशनं आणि गाढवांचा चारा, सगळं ढोलेशेठ नावाच्या एका हत्तीचं. भाडं तो मनाला येईल तसं वाढवायचा. गाढवांची पुढारी रखमाक्का. ओढून ओढून तिचे खूर झिजले होते. तिचं मागणं एवढंच, की दुपारी तासभर सावलीत उभं राहू द्या.

अशात अस्वलराव राष्ट्राध्यक्ष झाले. हातात सोटा, डोक्यात सुधारणा. पहिल्याच सभेत ते गरजले, "बंधू-भगिनींनो, एवढा मोठा हत्ती लोकशाहीला परवडणारा नाही. याचे चार तुकडे करा. तुकडे एकमेकांशी स्पर्धा करतील, भाडं उतरेल, गाढवांना सावली मिळेल."

रखमाक्काला आनंदानं रडू फुटलं. ढोलेशेठही रडले, पण त्यांचं जरा लवकर आटोपलं.

दुसऱ्या दिवशी हत्तीवर चार पाट्या लागल्या. सोंड कंपनी, पोट कंपनी, पाय कंपनी, शेपूट कंपनी. हत्ती होता तिथंच उभा होता. प्रवाशांना मात्र आता एकाऐवजी चार तिकिटं काढावी लागत.

रखमाक्का गाढवं घेऊन सोंडेकडे गेली.

"सावलीचं आमच्याकडं नाही बाई," सोंड म्हणाली. "सावली पोटाची पडते. तिकडं विचार."

"सावली माझी, पण वेळ ठरवतात पाय," पोट म्हणालं.

"आम्ही तयारच आहोत," पाय म्हणाले. "फक्त शेपटीची सही आण."

शेपटीनं विचारलं, "सोंडेचं ना-हरकत पत्र आणलंस का?"

गाढवं पुन्हा सोंडेकडे. महिनाभर रोज दुपारी हत्तीभोवती त्यांच्या फेऱ्या चालल्या. ते पाहून ससेही नारळ घेऊन मागून फिरू लागले.

शेवटी रखमाक्का थेट अस्वलरावांच्या दारात जाऊन उभी राहिली. "साहेब, सावलीचं काय झालं?"

"प्रदक्षिणा घालताना गाडी ओढावी लागते का?"

"नाही."

"मग तीच तुमची सुट्टी," अस्वलराव म्हणाले आणि त्यांनी तसा वटहुकूम काढला.

चारही कंपन्यांनी त्यांचा जाहीर सत्कार केला. हार चार होते, घालणारी सोंड एकच होती.

यंदा तिथं निवडणूक आहे. चारही कंपन्यांनी आपापला उमेदवार उभा केला आहे. गाढवांनी दुपारच्या सुट्टीत, फिरता फिरता मत टाकायचं आहे. लढत अटीतटीची होणार, असं जाणकार सांगतात.