तिसरा फ्यूज

"तर मग उस्ताद, कंपनीवाल्यांनी तुम्हाला काय दिलं?"

चपला काढायच्या आधीच वसुधानं विचारलं. दर्ग्याच्या अंगणात जीपच्या चाकांचे ताजे ठसे होते. कट्ट्यावर चहाचे तीन पेले धुऊन पालथे घातलेले होते.

"खजूर दिले," इसाक उस्ताद म्हणाले. "निम्मे किडके निघाले."

इसाक उस्तादांनी चाळीस वर्षं वीजखात्यात लाइनमन म्हणून काढली होती. निवृत्त झाल्यावर ते पठारावरच्या या दर्ग्यात झाडलोट करत राहिले. वसुधा कुलथे शिकाऊ इंजिनियर होती, तेव्हा तिला खांबावर चढायला त्यांनीच शिकवलं होतं. आता ती ऊर्जाखात्याची सचिव होती, आणि मोटारीचा ड्रायव्हर फाटकाशी उभा होता.

पठारावर वारा कधी पडत नसे. इथं पवनचक्क्या उभारा, वीज आम्ही विकत घेऊ, अशी निविदा वसुधानं दोनदा काढली होती. दोन्ही वेळा एकही पाकीट आलं नाही. तिसरीची मुदत उद्या संपत होती. उद्याही कुणी फिरकलं नाही तर योजना गुंडाळायची, असं वरून ठरलं होतं. मग पठारावरच्या नऊ गावांना वीज पूर्वीसारखीच, दिवसाआड.

सगळ्या कंपन्या आतून एक झाल्या आहेत, याबद्दल वसुधाला शंका नव्हती. त्यांना कोण शिकवतंय, एवढंच तिला शोधायचं होतं.

"काय विचारत होते?"

"तुझ्याबद्दल. बाई शब्दाला पक्की आहे का, म्हणून."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, खांबावर पक्की होती. खुर्चीतलं मला ठाऊक नाही."

वसुधाला हसू आलं नाही. तिनं पिशवीतून कराराचा मसुदा काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"वाचा. पंचवीस वर्षं ठरलेल्या दरानं वीज घेऊ. जमीन देऊ. तारा ओढून देऊ. आणखी काय हवंय त्यांना?"

उस्तादांनी चष्म्याची दोरी कानामागे अडकवली. पानं सावकाश उलटली. सतराव्या कलमावर त्यांचं बोट थांबलं. खात्यास योग्य वाटल्यास दर केव्हाही बदलता येईल.

"हे?"

"ते सगळ्याच करारांत असतं. आम्ही दर बदलणार नाही, उस्ताद. पण आपल्या हातात असावं."

"अस्सं..."

त्यांनी अंगणातल्या खांबाकडे बोट दाखवलं.

"आठ दिवस झाले, दर्ग्यातला दिवा बंद आहे. वाऱ्यानं वरची तार सैल झालीय. तुमचा लाइनमन उद्या येतो, उद्या येतो म्हणतो. तू चढतेस?"

"मी? कुणी पाहिलं तर काय म्हणेल?"

"विसरली असशील तर राहू दे."

हे मात्र वसुधाला सहन झालं नाही. तिनं ओढणी कमरेला घट्ट बांधली. उस्तादांनी आतून जुना पट्टा आणि रबरी हातमोजे आणून दिले. मग ते खांबाजवळच्या पेटीशी गेले, चिनीमातीचे तिन्ही फ्यूज एकेक करून उपसले आणि आपल्या सदऱ्याच्या खिशात टाकले.

"लाइन बंद. चढ."

शिडीच्या चौथ्या पायरीवर वसुधाचा हात सवयीनं आपल्या खिशाकडे गेला.

खिसा रिकामा होता.

ती थांबली. जो चढेल, फ्यूज त्याच्याच खिशात, म्हणजे खालून कुणाला लाइन चालू करता येत नाही. पहिल्या दिवशी उस्तादांनी हेच शिकवलं होतं, आणि ती एकदा विसरली तेव्हा सगळ्यांदेखत शिडीवरून खाली उतरवलं होतं.

"उस्ताद, फ्यूज द्या."

"आहेत ना माझ्याकडे."

"माझ्याकडे हवेत."

"का? माझ्यावर संशय?"

"संशय नाही. पण..."

"मीच तर शिकवलं तुला. मी काय तुला मारणार आहे?"

 या माणसानं तिला कधी खोटं सांगितलं नव्हतं. तरी तिचा पाय पाचव्या पायरीवर पडेना. कंपनीची जीप, खजूर, ते तीन पेले... सगळं एकदम आठवलं.

उस्ताद कट्ट्यावर बसले. खिशावर हात ठेवून, अगदी शांतपणे म्हणाले,

"मी फ्यूज लावणार नाही, बेटी. पण आपल्या हातात असावं."



वसुधा एकेक पायरी खाली उतरली. हातमोजे काढले. मसुदा उघडला आणि सतराव्या कलमावर आडवी रेघ मारली. शेजारी सही केली. मग फ्यूजसाठी हात पुढे केला.

उस्तादांनी रेघ पाहिली. सही पाहिली.

"तुझी बदली कधी?"

"होईल... वर्षभरात."

"मागून येणारा साहेब ही रेघ मानेल?"

"त्याचं मी कसं सांगू?"

"हं..."

त्यांनी खिशात हात घातला. एक फ्यूज तिच्या तळहातावर ठेवला. दुसरा ठेवला. मग खिशाचं बटण लावून टाकलं.

"आणि तिसरा?"

"तो त्या साहेबाचा."

"थट्टा करू नका, उस्ताद. एक फ्यूज खालच्या माणसाकडे राहिला तरी वरचा माणूस मरतो."

उस्तादांनी कट्ट्यावरचा मसुदा उचलला आणि तिच्या हातात परत दिला.

"मग हेच त्यात लिही."