भोक झाकणारा बटाटा

बटाट्यांना वाचा होती त्या काळची गोष्ट. भागूबाई परसातले बटाटे पडवीत निवडत होती. एकाला अळीने बारीक भोक पाडलं होतं. ही आपल्याला उकिरड्यावर टाकेल, या भीतीने त्याने ती बाजू शेजाऱ्याच्या अंगाला टेकवली.

“अरे, मला काहीतरी टोचतंय,” शेजारी म्हणाला.

“गप पड. माती असेल.”

महिन्याभराने भागूबाईने ढिगावरचा कडुलिंबाचा पाला उचलला, तर ढीगच्या ढीग किडलेला.

“पहिलं भोक तुझंच रे, मेल्या! तेव्हाच दाखवलं असतंस, तर किडकं तेवढं कापून रश्शात घातलं असतं तुला.”

बटाट्याने सवयीने कूस वळवली. शेजारी होता तिथे नुसता लगदा होता.