एका रुग्णाची हकिकत

एकदा एका वृद्ध वैद्यकाचार्यांकडे त्यांची शिष्या आपला प्रबंध घेऊन आली. आचार्य कधीचेच निवृत्त झाले होते. शिष्या एका रुग्णालयात पायाच्या चिघळलेल्या जखमांवर उपचार करी, आणि प्रबंधाचा विषयही तोच होता. शेवटी एकशे बारा संदर्भांची यादी, आणि त्यात पहिलाच संदर्भ गुरूंच्या लेखाचा! म्हातारे हरखतील असं तिला वाटलं होतं. कोणालाही वाटलं असतं.

आचार्यांनी चष्मा पुसला, पेन उघडलं आणि यादीतलं आपलंच नाव आडव्या रेघेनं खोडून टाकलं.

"सर, हे काय?" शिष्या रडवेली झाली. "अहो, तुमचाच लेख आहे! त्यातलंच इंजेक्शन मी बाबाजी तुप्यांना सुरू केलंय. आज सहावा दिवस."

"कोण हे तुपे?"

"रेल्वे फाटकावर असतात. स्टेशनातून फोन वाजला की फाटक बंद करायचं, ही त्यांची नोकरी."

आचार्यांचा चेहरा उतरला. "माझा लेख वाचलास तू?"

"वाचला की, सर."

"अगं, पण काय म्हणून वाचलास?"

शिष्येला प्रश्नच कळला नाही. तिला हसू नका हं. छापलेलं ते खरं आणि गुरूंचं छापलेलं ते दुप्पट खरं, ही खोड तुम्हाआम्हा सगळ्यांना आहे.

आचार्य म्हणाले, "नियतकालिकात सगळं एकाच टायपात येतं, म्हणून आपण सरसकट सगळ्याला लेख म्हणतो. शेकडो रुग्णांचे दोन गट करून, एकाला नवं औषध, दुसऱ्याला नेहमीचा उपचार देऊन कोणी मोजलं असेल, तर ते मूळ संशोधन. त्याला विचारायचं, बाबा रे, मोजलंस कसं? इतरांची अशी पंचवीस संशोधनं वाचून कोणी मेळ घातला असेल, तर तो आढावा. त्याला विचारायचं, वगळलंस काय? संपादकीय म्हणजे जाणत्याचं मत, ते ऐकून घ्यावं. आणि मी लिहिली ती नुसती एका रुग्णाची हकिकत होती. एक माणूस आला, इंजेक्शन दिलं, जखम भरली. कशानं भरली, देव जाणे! मी एवढंच म्हणत होतो की कुणीतरी इकडे नीट तपासून बघा. तपासलं कुणीच नाही. देत मात्र सुटले."

"पण मग कुणी आक्षेप कसा घेतला नाही?"

"घेतला ना. पुढच्याच अंकात, शेवटच्या पानावर, वाचकांच्या पत्रांत. तालुक्याच्या गावच्या एका डॉक्टरानं लिहिलं होतं, तिघांना दिलं, दोघांचे कान गेले. ते पान कोण वाचतंय? मी वाचलं होतं. उत्तर दिलं नाही, की चार लोकांना सांगितलं नाही. माझ्या लेखाचं तेव्हा फार कौतुक चाललं होतं गं, आणि मला लाज वाटली. एकतीस वर्षं झाली. तुला तरी सांगायला हवं होतं मी."

शिष्या प्रबंध तिथेच टाकून रुग्णालयात आली. बाबाजी खाटेवर बसून चहा पीत होते. त्यांच्या पायाची जखम खरोखरच सुकत आली होती.

"तुपेकाका, आजपासून ते इंजेक्शन बंद," ती हळूच म्हणाली.

बाबाजी तिच्या ओठांकडे बघत हसले. "डॉक्टरबाई, जरा मोठ्यानं बोला. दोन दिवस झाले, कानाला नुसते दडे बसलेत."

तिनं स्टूल जवळ ओढलं. जे त्यांच्यापाशी हलक्या आवाजात कबूल करायचं होतं, ते तिला सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं सांगावं लागलं.

"काका, चूक माझी आहे. मी नीट वाचलं नाही!"