पहिलं कुंकू

चर्र! तीस वर्षांपूर्वीचा तो आवाज वायरमन येसू मिस्त्रींच्या कानातून गेला नव्हता. दुकानाच्या दिव्यांच्या पाटीला चिकटून त्यांचा जोडीदार मेला होता, कारण मालकाने अर्थिंग करू दिलं नव्हतं.

आज नव्या दुकानाच्या उद्घाटनाला भोसेकर शेठनीही अर्थिंगच्या हिरव्या तारेचं भेंडोळं हिसकावलं. "भिंतीवर वाईट दिसते! पाहुणे आलेत, पाटी लाव."

"शेठ, पाटीची चौकट लोखंडी. झाडणारी बाई रोज ओल्या फडक्याने पुसणार."

"एवढ्याशा झटक्याने कोणी मरत नाही!"

मिस्त्री संतापले, पण आवाज चढवला नाही. पूजेचा नारळ फोडून त्याच पाण्याने त्यांनी शेठचा हात भिजवला.

"मग पाटी पेटवतो. चौकटीला पहिलं कुंकू तुम्हीच लावा."

पाहुणे बघत राहिले. शेठनी हात मागे घेतला, भेंडोळं मिस्त्रींपुढे ठेवलं आणि निघून गेले.